जुईचा हात कसा मोडला

जुईचा फोन आला तेव्हा अनघा लखनौच्या इंदिरा नगरमधल्या शाळेत, स्टाफरूममध्ये वह्या तपासत होती.

"मम्मी, कोर्ट ने हमारी बात मान ली. पहलेवाला फैसला रद्द. अब दूसरा अफसर फिर से सुनेगा."

जुई लखनौतच वाढली. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत यायचं. कॅनडाला जाऊन तिनं आश्रय मागितला होता. माझं एका मुलीवर प्रेम आहे, घरी कळल्यावर वडिलांनी हात मोडला, कानपूरला पळाले तर पोलिसांनीच आणून घरी सोडलं, असं तिनं तिथं सांगितलं होतं. सगळं खरं होतं. तरी अर्ज फेटाळला गेला, कारण लखनौच्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं की बाथरूममध्ये पाय घसरून पडली. वडिलांनी हात मोडला हे खोटं, तर बाकीचंही खोटंच असणार, असं अधिकाऱ्यानं ठरवून टाकलं.

कागदावरचं ते वाक्य अनघाचं होतं. डॉक्टरांनी विचारलं होतं जुईला. अनघाचा नवरा श्रीरंग दाराशी उभा होता. जुईनं तोंड उघडायच्या आत अनघा म्हणाली होती, "बाथरूम में फिसल गई."

अर्ज फेटाळल्यावर जुईनं आईकडे एवढंच मागितलं होतं, की खरं काय ते लिहून दे. "मला याच घरात राहायचंय गं," म्हणून अनघानं विषय टाळला होता.

"जज काय म्हणाले?" अनघानं विचारलं.

जुईनं समजावून सांगितलं. खरं-खोटं जज ठरवत नव्हते. अधिकाऱ्यानं नीट विचार केला का, एवढंच पाहत होते. डॉक्टरांशी मी नाही, आई बोलली, हे जुईनं पहिल्याच सुनावणीत सांगितलं होतं आणि अधिकाऱ्यानं त्याची दखलच घेतली नव्हती. दुसऱ्याच्या तोंडच्या वाक्यावरून हिला खोटारडी ठरवता येत नाही, असं जजनी लिहिलं होतं.

"और लिखा है, माँ की भी कोई मजबूरी रही होगी."

अनघाचे कान तापले. कधी न पाहिलेल्या माणसानं तिला सांभाळून घेतलं होतं. त्यानं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"नव्या सुनावणीत मी बोलू?"

"वकील ने बोला है, आपके बिना भी हो जाएगा." जुईच्या आवाजात राग नव्हता. तिनं आईचा भरवसा केव्हाच सोडला होता.

तरी अनघानं हट्टानं वकिलीणबाईंचा नंबर घेतला आणि संध्याकाळी श्रीरंगसमोरच फोन लावला. तो मटार सोलत होता. तिचं बोलणं संपल्यावर म्हणाला, "दवाखान्यात मी एक अक्षर बोललो नव्हतो. तूच बोललीस."

"हो. तेच सांगणार आहे."

तो उठून आत गेला. त्यानंतर घरात कामापुरतंच बोलणं उरलं.

सुनावणीला ती गोमती नगरला मैत्रिणीच्या फ्लॅटवर जाऊन लॅपटॉपपुढे बसली. पडद्यावर नव्या अधिकारी बाई, मराठी दुभाषी, वकील आणि जुई. बाईंनी विचारलं, "तेव्हा तुम्ही डॉक्टरांशी खोटं बोललात. आज खरं बोलताय हे कशावरून मानायचं?"

नवऱ्याची भीती होती, हे उत्तर अनघानं तयार ठेवलं होतं. तेही खोटं नव्हतं. पण तेवढं पुरेसं नव्हतं.

"भीती होती," ती म्हणाली, "पण खरं म्हणजे मला माझ्या मुलीची लाज वाटत होती. तिचं प्रेम कुणाशी आहे ते डॉक्टरांना कळेल, कॉलनीत कळेल, शाळेत कळेल. ती हात धरून कळवळत होती आणि मला तिचीच लाज वाटत होती."

दुभाष्याला आवाज नीट ऐकू आला नव्हता. त्यानं पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं.

काही आठवड्यांनी जुईचा फोन आला. "हो गया, मम्मी. अब मैं यहीं रहूँगी." मग ती म्हणाली, "उस दिन आप पूरे टाइम नीचे देख रही थीं. एक बार भी मेरी तरफ नहीं देखा."

"हिंमत झाली नाही," अनघा म्हणाली.

रविवारी करती हूँ, म्हणत जुईनं फोन ठेवला. रविवारी तिचा फोन आला नाही. पुढच्या रविवारी अनघानंच लावला.