जाड पिनांचा प्लग

बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपुरात केळीची बाग असलेल्या भगवानरावांनी वेफर्स तळायला दोन हजार वॉटची विजेची कढई आणली, आणि पहिल्याच दिवशी तिचा प्लग भिंतीतल्या बोर्डात शिरेना. पिना जाड, भोकं बारीक.

"बनवणाऱ्याला अक्कल नाही," म्हणत ते कानस घेऊन पिना घासायला बसले.

सविता केळी सोलत होती. या घरात सून होऊन तिला महिनाच झालेला. आयटीआयमधून ती इलेक्ट्रिशियन झाली होती, पण सासऱ्यांच्या लेखी ती गोष्ट लग्न जमवण्यापुरती. बोलावं की नाही, असं करत तिने आणखी दोन केळी सोलली.

"बाबा, प्लगवर आकडा आहे बघा."

"सोळा ए."

"आणि बोर्डाच्या सॉकेटवर?"

"सहा. मग?"

"कढई जवळपास नऊ अँपिअर ओढते. आपल्या सॉकेटला सहाच झेपतात. चुकून तिथे बसू नये म्हणूनच पिना जाड ठेवल्यात."

भगवानरावांनी कानस खाली ठेवली, पण माघार घेतली नाही. दुकानात जाऊन मागे जाड भोकं आणि पुढे बारीक पिना असलेला कन्व्हर्टर आणला आणि जाड प्लग त्याच्यात बसवून बोर्डात खोचला. तेल तापलं. पहिला घाणा छान कुरकुरीत निघाला. त्यांनी सुनेकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलं.

दुसऱ्या घाण्याला वास सुटला.

"कोणीतरी टायर जाळतंय," भगवानराव म्हणाले.

सविताने धावत जाऊन मेन स्विच पाडला. कन्व्हर्टर मऊ होऊन बोर्डावरून लोंबत होता.

सासू यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बाहेर जाऊन टायर शोधा. तोवर सूनबाई काय सांगते, ते मी ऐकते."

टायर शोधायला कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सविताच्या यादीप्रमाणे जाड तार, सोळाचा सॉकेट आणि जादा भार आला की आपोआप पडणारा एमसीबी घेऊन भगवानराव स्वतः बुऱ्हाणपूरहून आले. मेन स्विच बंद करून ती स्टुलावर चढली. मेन बोर्डापासून तिने वेगळी लाइन ओढली, अर्थिंगची हिरवी तार जोडली. सासरे खाली टॉर्च धरून उभे होते आणि दर दोन मिनिटांनी विचारत होते, "ही हिरवी कशाला?"

ती प्रत्येक वेळी सांगत होती. सासऱ्यांनी टॉर्च धरलाय, या विचाराने तिला आतून हसू येत होतं.

कढई सुरू झाली. तासभर तळण झालं तरी प्लग गार होता. भगवानरावांनी त्याला तीनदा हात लावून पाहिला.

"शेतातल्या मोटारीचा स्टार्टरही सारखा पडतो," ते कढईकडे बघतच म्हणाले. "उद्या सकाळी चलशील?"

सविताच्या तोंडात गरम वेफर होता. तिने नुसती मान हलवली.