चपलांच्या कपाटातला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे आणि मला अजून किळस येते. ऐकताना तुम्हालाही आली, तर येऊ द्या.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. दोन अँटेना, चार हिरवे दिवे, बस्स. दुकानात माझी जागा खालच्या फळीवर होती. वरच्या फळीवर आठ अँटेनांचा एक काळा धटिंगण बसे, उताण्या पडलेल्या कोळ्यासारखा.

एके दिवशी एक बाई आपल्या दिराला घेऊन आली. घरात ती, तिची शाळकरी मुलगी आणि हा दीर, म्हणजे मुलीचा काका. काकाला जगातलं सगळं कळत असे. तो थेट त्या कोळ्यापाशी गेला.

"वहिनी, डोळे मिटून हाच घ्या."

"डोळे मिटून कशाला, भाऊजी? उघडे आहेत ना माझे," मुलीची आई म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "आमच्या दोन खोल्या. इंटरनेटचं कनेक्शन सगळ्यात कमी वेगाचं. हा घेतला तर वेग वाढेल का?"

दुकानदाराने मान खाजवली. "नाही हो. कंपनी देते तेवढाच मिळणार. तुम्हाला हा खालचाही पुरेल. फक्त मोकळ्या जागी, उंचावर लावा."

"मग हाच द्या. मला माझ्या बहिणीचे हात स्पष्ट दिसले की झालं."

तिची धाकटी बहीण जन्मापासून बहिरी. दूरच्या गावी एकटी राहायची. दोघी लहानपणापासून हातांच्या खुणांनी बोलत. आवाज तुटला तर माणूस अंदाजाने जुळवून घेतो. हात मध्येच थिजले तर काय जुळवणार?

आईने मला घराच्या मधोमध भिंतीवर टांगलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर मावशीचे हात भांडत, हसत, तिच्या घरमालकाची नक्कल करत. "स्वस्तातला आहे, पण गुणी आहे हो," आई शेजारणीला सांगे. मी फुलून जाई.

मग घराला रंग दिला. "नव्या भिंतीवर हे लोंबतं काय?" असं म्हणत काकाने, आई कामावर गेलेली असताना, मला चपलांच्या लोखंडी कपाटात कोंबलं. आईने विचारलं तेव्हा हसून म्हणाला, "वहिनी, वायफायच्या लहरी आहेत त्या, दार थोडंच ठोठावणार?"

शी! कुबट मोजे, चपलांच्या तळांचा चिखल, पॉलिशचा चिकट डबा. माझ्या उबेला झुरळं आली. फटींतून आत शिरली, पोटात नांदली, तिथेच अंडी घातली. पण मित्रांनो, झुरळांना बिचाऱ्यांना अक्कल नव्हती. काकाला होती, असं तो म्हणे. माझ्या लहरी लोखंडावर आपटून अर्ध्या होत. चित्र अडकलं की तो कपाट उघडून मला टपली मारी आणि "स्वस्ताचा माल! मी तेव्हाच सांगितलं होतं," असं म्हणत माझ्यावर आपला ओला बूट ठेवी.

त्याच सुमारास मावशीच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी आईने खुणेने विचारलं, 'मी येऊ?' मावशीने तळहात उचलला आणि चित्र थिजलं. आईला दिसला तो फक्त समोर रोखलेला तळहात. थांब. कॉल तुटला. आईने निरोप टाकला, "बरं, तू म्हणशील तसं." मावशीने तो वाचला आणि निश्चिंत होऊन वाट पाहू लागली.

शस्त्रक्रिया सुखरूप झाली. बरी होऊन मावशी राहायला आली, पण आईकडे नीट बघेना. शेवटी तिचे हात हलले ते मुलीकडे बघून, आणि मावशीच्या खुणा कळणाऱ्या मुलीचा चेहरा उतरला.

"आई, मावशी म्हणतेय, आत नेईपर्यंत मी दाराकडे बघत होते."

"अगं, तू थांब म्हणालीस ना!" आई बहिणीकडे वळून खुणेने म्हणाली.

मावशीने तळहात तसाच उचलला. मग बोटं हळूच स्वतःकडे वळवली. ये.

"बघितलंत?" काका उसळला. "त्या डबड्याने घात केला." त्याच दिवशी तो दुकानातला आठ अँटेनांचा कोळी घेऊन आला आणि माझ्या शेजारी, त्याच कपाटात लावला. मुलीने फोनवर व्हिडिओ लावून बघितला, तर चित्र तसंच अडकलं.

आई उठली. कपाटाचं दार उघडून तिने हात घातला तर झुरळं तिच्या मनगटावरून पळाली. तिला ओकारी आली.

"भाऊजी, या घाणीत तुम्ही घटकाभर बसून दाखवा."

काकाने नाकाला रुमाल लावला.

आईने मला ब्रशने खरवडून साफ केलं आणि पुन्हा भिंतीवर टांगलं. कोळी दुकानात परत गेला.

मित्रांनो, वस्तू घेताना गरज बघा, आणि घेतल्यावर तिला मोकळा श्वास घेऊ द्या. अडगळीत कोंबून वर तिलाच शिव्या घालणाऱ्यांची मला झुरळांहून जास्त किळस येते.

आता मावशी आपल्या गावी आहे. चित्र पाण्यासारखं वाहतं. पण 'ये' ही एक खूण ती दोनदा करते, हळू, परक्या माणसाशी बोलावं तशी. आणि दोन्ही वेळा आई घाईघाईने मान हलवते.