मुखपृष्ठावर लोणची, आत खंदक

मित्रांनो, ग्रंथ माणसाला बदलतात, राज्यं उलथवतात आणि अंधारात चाचपडणाऱ्या समाजाला वाट दाखवतात. मी असाच एक ग्रंथ आहे. माझ्या मुखपृष्ठावर मात्र 'घरगुती लोणची व मुरांबे' असं छापलेलं आहे आणि खाली कैरीच्या फोडींचं रंगीत चित्र आहे.

गोंधळू नका. मी एक जुनी कादंबरी आहे. लोणच्यांचं कव्हर नंतर आलं.

माझा जन्म कोल्हापूरच्या एका छापखान्यात झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकात गुडघाभर चिखलात उभा असलेला शिदोजी, आणि साताऱ्याकडच्या गावात त्याची वाट बघणारी रखमा, ही माझी गोष्ट. रखमा विधवा. पहिल्या प्रकरणात ती पदर ओढून, भिंतीकडे बघून बोलते. मधे ती लिहायला शिकते. पुढे तर गावच्या पंचांना तोंडावर उत्तर देते. शिदोजी बिचारा तोवर चिखलातच असतो. एका परीक्षकाने मला 'दीर्घ' म्हटलं होतं. ती स्तुतीच होती, असं मी आजवर धरून चालले आहे.

पुढची कित्येक वर्षं मी सांगलीच्या एका कपाटात उभ्याने काढली. २००४ साली शालिनीने मला बाहेर काढलं. तिचा नवरा गिरीश रियाधला ओलाया भागातल्या एका बँकेत होता, आणि सुट्टी संपवून दोघं परत निघाली होती. रियाधच्या विमानतळावर सामान उघडतात, पुस्तकांतली बाया-पुरुषांची चित्रं तपासतात, असं तिला शेजारणींनी भरपूर सांगून ठेवलं होतं. माझ्या शेवटच्या भागात एक चित्र होतं. शिदोजीने रखमाचा हात धरला आहे. फक्त हात, तोही मनगटाच्या खालचा. शालिनीने चित्राचं पान फाडलं. मग अर्धवट फाटलेलं दिसलं तर जास्त संशय येईल म्हणून तिथून पुढची सगळी पानं फाडली. ती आईकडे, म्हणजे सत्यभामाबाईंकडे ठेवली आणि मला लोणच्यांचं कव्हर चिकटवलं.

विमानतळावरच्या माणसाने मला उचललं आणि बाजूला ठेवलं. त्याला माझ्याखालची कुळथाच्या पिठाची पिशवी बघायची होती. त्याने ती हुंगली, जोरात शिंकला आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, निघा. माझं एक पानही त्याने उलटलं नाही. शेवट गमावून मी परदेशात पोचले ती अशी, उगाचच.

आणि मित्रांनो, शालिनीने मला आधी वाचलंच नव्हतं! शेवट काय, हे त्या अख्ख्या रियाधमध्ये फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

शालिनीची मावसबहीण पद्मजा तिथल्याच एका इस्पितळात नर्स होती. तिचा नवरा लग्नानंतर दीड वर्षात अपघातात गेला होता. ती दर शुक्रवारी यायची. गिरीशचा दोस्त यतीन गुहागरचा. तो अल खर्जच्या एका डेअरीत शीतगृहाची यंत्रं सांभाळायचा. तासाभराचा रस्ता तुडवत तोही शुक्रवारीच यायचा. पहिल्यांदा तो तिला "सिस्टर" म्हणाला. दुसऱ्या शुक्रवारपासून तो तिला काहीच म्हणेना. शालिनीच्या हे लगेच लक्षात आलं. गिरीशच्या अजून यायचं आहे.

बाहेर या दोघांना भेटायला जागाच नव्हती. हॉटेलात कुटुंबांचं दार वेगळं, एकट्या पुरुषांचं वेगळं, आणि हे दोघं कुठल्याच दारात बसत नव्हते. राहिलं शालिनीचं जेवणाचं टेबल. तिथे सर्वांदेखत, भाताच्या पातेल्यावरून, ते माझ्याबद्दल बोलत. एक आठवडा मी पद्मजाच्या उशाशी असे, एक आठवडा अल खर्जला. तिथे यतीनचा खोलीदार समाधान लिंबाच्या लोणच्याची कृती शोधायला मला उघडून बसला. "मीठ किती घालायचं ते लिहिलंच नाय, नुसत्या तोफा उडवतायत," म्हणाला. पण वाचत राहिला आणि डाळ करपली.

"शिदोजी येतो परत," यतीन म्हणायचा. "साडेतीनशे पानं त्याला चिखलात उभं केलंय. आता नाही आणला तर लेखकाला पाप लागेल."

"सगळे काही येत नाहीत," पद्मजा म्हणायची.

"अगं, चित्रात हात धरला होता! मी बघितलाय ना," शालिनी म्हणायची.

"आठवणीतलं असेल, ताई. तू फाडलं नसतंस तर कळलं असतं."

"हो, आणि विमानतळावर धरलं असतं म्हणजे तू आली असतीस सोडवायला!"

"मम्मा, इंटरनेटपे देखो ना," शालिनीची अवनी वैतागून म्हणायची. इंटरनेटने माझं नावही ऐकलं नव्हतं. मला थोडं लागलं.

एका शुक्रवारी शालिनी पोळ्या लाटायला आत गेली, तेव्हा यतीनने कोशिंबिरीकडे बघत विचारलं, "रखमाच्या जागी तुम्ही असता, आणि त्याने सरळ येऊन विचारलं असतं, तर?"

कोशिंबीर काही बोलली नाही. पद्मजा म्हणाली, "मला वाट बघायची भीती वाटते हो. एकदा बघितली, तर फोन आला. माणूस नाही आला." मग म्हणाली, "शेवट कळू दे. मग सांगते."

तिचं कंत्राट ईदला संपत होतं. वाढवायचं, की चिपळूणला दिरांच्या घरी कायमचं परतायचं, हे तिला त्याआधी कळवायचं होतं. म्हणजे एका जित्याजागत्या बाईचा संसार माझ्या फाटलेल्या पानांवर अडून बसला. मी युद्धावरची कादंबरी. एवढी जबाबदारी मला खंदकातसुद्धा आली नव्हती.

अखेर शालिनीने सांगलीला फोन लावला. सत्यभामाबाईंनी पानं जपून ठेवली होती, लाडवांच्या डब्याच्या तळाशी. तुपाने ती आरपार दिसत होती, पण वाचता येत होती. शालिनीने फोन पद्मजाच्या हातात दिला. मी शेजारीच पडले होते, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

"ऐक गं पोरी," सत्यभामाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून, अडखळत सगळं वाचलं. पावसाने खंदकाची भिंत ढासळते. शिदोजी तिच्याखाली जातो; हात धरल्याचं ते चित्र त्याच्या शेवटच्या आठवणीतलं. पोस्टमन गावात येतो. पूर्वी रखमाला पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत. हे मात्र ती स्वतः वाचते, दारातच, उभ्याने. संपलं. "मेला गं तो," सत्यभामाबाई नाक ओढत म्हणाल्या. "काय मेलं लिहितात एकेक!"

"बरं, मावशी," पद्मजा म्हणाली.

तिने फोन ठेवला. टेबलाशी सगळे थांबले होते. यतीनच्या हातातला घास हातातच होता. त्याच्या चेहऱ्याला काही लपवायची सोयच नव्हती.

पद्मजाने त्याच्याकडे बघितलं, चांगलं टक लावून, पहिल्यांदाच.

"येतो," ती म्हणाली.

"येतो? कसा येतो?" गिरीशने विचारलं.

"चालत. ज्वारीच्या रानातून. पायात एकच बूट असतो. ती म्हणते, उशीर केलास."

"मी म्हणत नव्हतो का!" यतीन ओरडला. मग त्याला आपला प्रश्न आठवला.

"घास खा आधी," पद्मजा म्हणाली. "आणि पुढच्या शुक्रवारी वेळेवर या. मी वाट बघेन."

मित्रांनो, मला राग आला. माझा शेवट करायला लेखकाने दोन पावसाळे घालवले होते, आणि हिने तो आमटी वाढता वाढता बदलला! एक बूट कुठून आला, दुसरा कुठे गेला, काही पत्ता नाही. पण त्या रात्री कपाटात पडल्या पडल्या मी विचार केला. रखमा पंचांना उलट बोलली होती. ही लेखकाला बोलली. मग माझ्या साडेतीनशे पानांचा थोडा गुण लागला, असं मानायला काय हरकत आहे?

लग्न सुट्टीत चिपळूणला झालं. दिरांनी आधी तोंड फिरवलं, पण जेवायला आले. यतीनच्या इकाम्यावरचा, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलून बिऱ्हाड आणायला आणखी वर्ष गेलं. हल्ली आम्ही सगळे अल खर्जला असतो. तुपकट पानं सांगलीहून अजून आलेली नाहीत. ती मागवायची गोष्ट निघाली की पद्मजा विषय बदलते.

आता प्रथेप्रमाणे मी ग्रंथसंवर्धनावर चार शब्द सांगायला हवेत. पण सवड नाही. यांची दर्शना नऊ महिन्यांची झाली आहे, तिला दात येताहेत आणि ती या क्षणी माझा वरचा कोपरा चावते आहे. कुणीतरी तिला एक गाजर द्या.