रोज थोडा पुसलेला आवाज

हेडवरची तपकिरी भुकटी. हवेत ताठ उभं एक बोट. भर उकाड्यात मुद्दाम बंद केलेला पंखा. फितीवरचं एका बाईचं हसू, अर्धवट पुसलेलं.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि माझं पित्त खवळलेलं आहे.

एका स्टुडिओत मी बावीस वर्षं राबलो. फीत जिच्यावरून घासत जाते, ती माझी हेड. माझा रेकॉर्डिस्ट तिच्यावर बसलेली फितीची भुकटी रोज सकाळी स्पिरिटने साफ करायचा, तिच्यात साठलेलं चुंबकत्व काढायचा. निवृत्त झाल्यावर त्याने मला घरी आणलं आणि तो माझा भक्त झाला. साफसफाई संपली, स्तुती सुरू झाली. "काय ऊब आहे याच्या आवाजात!"

ऊब कसली डोंबलाची!

त्याच्या वारलेल्या बायकोच्या आवाजाची त्याच्याकडे एकच फीत होती. रोज दुपारी पंखा बंद करून तो ती ऐकायचा.

"बाबा, मला संगणकावर प्रत काढू द्या ना," मुलगी म्हणायची.

"संगणक आवाजाचे तुकडे करतो. तुझ्या आईचे तुकडे करू?"

साफ खोटं! संगणक सेकंदाला चव्वेचाळीस हजारांहून जास्त वेळा आवाज मोजतो. माणसाच्या कानाला कळणारी प्रत्येक लहर त्यातून अखंड परत उभी राहते. नासधूस करत होतो तो मी. माझी चुंबकीय झालेली हेड दर खेपेला थोडा आवाज पुसत होती, आणि सगळ्यात बारीक आवाज सगळ्यात आधी. मला ओरडता येत नव्हतं.

शेवटी मुलगी वैतागली. तिने संगणकावर एक शिट्टी लावली. "डोळे मिटा. शिट्टी ऐकू येतेय तोवर बोट वर ठेवा."

शिट्टीचा सूर चढत चढत बारीक होत गेला. बोट खाली आलं.

"बंद केलीस ना?"

"नाही बाबा. चालूच आहे. माझे कान किटलेत."

त्याने माझ्यावरून फीत उतरवली. मग "फार शहाणी झालीस," म्हणत त्याने फीत तिच्या हातात ठेवली.

माझी हेड साफ करून, तिच्यातलं चुंबकत्व काढून मुलीने प्रत काढली. "बघ, जशीच्या तशी आहे!" तो डोळे पुसत म्हणाला. मुलीने ओठ घट्ट मिटले. आईच्या बोलण्यातले 'स' बोथट झाले होते, वाक्यांमधले श्वास गेले होते. ते त्याच्या कानांना आधीच ऐकू येत नव्हते, म्हणून गेल्याचंही कळलं नाही.

मित्रांनो, माझे गोडवे गाऊ नका. हेड साफ करा. आणि घरात अशी एकुलती एक फीत असेल, तर प्रत आजच काढा.

ती फीत मुद्रित झाली तेव्हा ही मुलगी चार वर्षांची होती, आणि आईने तीत तिला सात वेळा हाक मारली आहे.