कोपऱ्यातला खांब

पाणथळ जागांच्या बातम्या कशा लिहाव्यात, हे मी नव्या पत्रकारांना नऊ वर्षं शिकवते आहे. नऊही वर्षं पहिल्या तासाला एकच कात्रण वाटते. ‘तळ्याचा पत्ताच नाही!’ असा मथळा, भेगाळलेल्या जमिनीचा फोटो आणि खाली ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. प्रतिनिधी गेला भर उन्हाळ्यात. पाणी दिसलं नाही म्हणून इथे पाणथळच नाही, असं ठोकून मोकळा झाला. भराव टाकणाऱ्यांनी तीच बातमी पुढे केली आणि वर्षाच्या आत अर्धी जागा बुजवली. उरलेली अर्धी आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसते. तिच्यावर प्रत्येकाने एक बातमी लिहायची, हा आमचा शेवटचा धडा.

मुलं त्या प्रतिनिधीला पोट धरून हसतात. “उंटावरचा शहाणा!” म्हणून मीही हसून घेते. तो शहाणा म्हणजे मीच, हे मात्र कधी सांगितलं नाही. शिकवणाऱ्या बाईला वर्गात ताठ मानेने उभं राहायचं असतं.

यंदा वर्गात एक मुलगी आली. प्रश्न इतके विचारायची की दुपारपर्यंत तिचं नाव शंकासूर पडलं. तिने कात्रण डोळ्यांजवळ नेलं.

“मॅडम, फोटोत कोपऱ्यात हा खांब कसला? एक ते दहा आकडे आहेत त्याच्यावर.”

नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. “पाण्याची पातळी मोजायचा,” मी म्हणाले.

“पाणीच नव्हतं तर रोवला कशाला? आणि रंग तर ताजा दिसतोय. निदान रंगवणाऱ्याला तरी विचारायचं ना!”

वर्ग खो-खो हसला. या वेळी मला काही हसू येईना.

रंगवणारे माझे वडील, अण्णा. पाणी खात्यात नोकरीला होते. रोज सकाळी चिखल तुडवत जाऊन खांबावरची पातळी वाचायची, हे त्यांचं काम. उन्हाळ्यात तळं आटलं की ते आकडे नव्याने रंगवायचे आणि लहानपणी मी डबा धरायची. आठचा आकडा मी अण्णांच्या खांद्यावर बसून काढायची. तो दरवर्षी वाकडाच यायचा. “तुझ्या आठाला सर्दी झालीय,” म्हणायचे, पण पुसायचे नाहीत. तेलरंगाचा वास आला की अजून वाटतं, मागे वळून पाहावं, अण्णा ब्रश झटकत असतील.

त्या बातमीला निघाले तेव्हा मी बूट घालत होते. अण्णा दारात उभे होते. म्हणाले, “पत्रकारबाई, तळं उन्हाळ्यात झोपतं गं. थंडीत जा, मग लिही.”

“अण्णा, बातमी थंडीपर्यंत थांबत नसते,” मी म्हणाले. मला साहेब लोकांचं म्हणणं हवं होतं. पिकतं तिथे विकत नाही, तसं. खांब तर इतका घरचा, की समोर असून मला दिसलाच नाही.

बातमी आली. माझी सगळी कात्रणं अण्णा पत्र्याच्या डब्यात ठेवत, तिथेच तेही ठेवलं. पुढे खांब सातापर्यंत भरावात गाडला गेला. माझा वाकडा आठ मात्र वर राहिला. अण्णा गेल्यावर डबा माझ्याकडे आला.

मी पिशवीतून मूळ कात्रण काढलं. प्रती काढताना त्याचा समास मी दर वेळी मागे दुमडत आले होते. आज तो उलगडला आणि कात्रण शंकासुराच्या हातात दिलं. समासात पेन्सिलने लिहिलं होतं : ‘जानेवारीत साडेसहा फूट. मी मोजलंय.’

“कुणाचं अक्षर?” तिने विचारलं.

“त्या प्रतिनिधीच्या वडिलांचं,” मी म्हणाले. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, “माझ्या वडिलांचं. ती बातमी माझी आहे.”

कुणीही हसलं नाही. शंकासुराने ती पेन्सिलची ओळ पुन्हा वाचली. मग तिने वही उघडली.

“मॅडम, माझ्या बातमीत तुमचं नाव घालू?”

“घाल,” मी म्हणाले. “पण आधी अण्णांचं.”