घळीतले वगळलेले ठिपके

तरस मादीच्या गळ्यातला पट्टा दर काही तासांनी तिचा ठावठिकाणा धाडायचा, सोबत तो किती चुकलेला असू शकतो याचा आकडाही. तरसांचा अभ्यास करणारी एक तरुण संशोधक ते ठिकाण नकाशावर ठिपक्याने मांडायची. उघड्या माळावर ठिपका अचूक पडे. पण काही ठिपके भलतीकडेच जात, एखादा तर तळ्याच्या मधोमध.

"जनावर पोहायला लागलं की काय!" तिचे मार्गदर्शक सर हसले. "चूक मोठी दिसते ते ठिपके काढून टाक. सगळे तेच करतात."

तिने तेच केलं. नकाशा कसा लख्ख झाला. अहवालात वाक्य गेलं : माळालगतच्या घळीचा तरसाकडून वापर नगण्य. त्याच्या जोरावर घळीत दगडखाणीला परवानगी मिळाली आणि तिच्या धाकट्या भावाला तिथे पोकलेन चालवायचं काम लागलं. आईच्या जिवाला तेवढाच आधार.

पुढच्या अभ्यासासाठी तिने नवा पट्टा तपासायला घेतला. आठवडाभर तो घळीच्या तोंडाशी, कपारीत ठेवला. जागचा न हललेला पट्टा नकाशावर मात्र रानोमाळ भटकत होता. उंच कड्यांमुळे त्याला उपग्रहच नीट दिसत नव्हते. मोठ्या चुकीचे ठिपके काढणारी तीच चाळणी लावली, तर जवळजवळ सगळे ठिपके गळून पडले. ती तशीच सरांकडे गेली.

"सर, आपण फेकलेले ठिपके घळीतलेच असणार. मादी तिथेच राहते."

"अहवाल गेलाय. आता कशाला उकरून काढतेस?"

तिने सरांना न विचारता वनखात्याला कळवलं. उत्तर यायच्या आतच भावाचा फोन आला.

"ताई, इथे काही नाही म्हणाली होतीस ना तू?" त्याने पोकलेन थांबवलं होतं. "खोदताना मातीत पट्टा निघालाय. मादी गेली. एक पिल्लू हलतंय अजून. लवकर ये गं."

ती पोचली तेव्हा भाऊ पिल्लाला शर्टात गुंडाळून बसला होता. दवाखान्याच्या वाटेवरच ते गार पडलं.

तिने गाळलेले सगळे ठिपके परत घेतले, प्रत्येकाभोवती त्याच्या चुकीएवढं वर्तुळ काढलं. वर्तुळांची दाटी घळीवरच झाली. सरांनी सही नाकारली. तिने एकटीच्या नावाने वनखात्याला सुधारित अहवाल पाठवला. 'नोंद घेतली आहे,' एवढंच उत्तर आलं.

खाण थांबली नाही. सोमवारी भाऊ कामावर निघाला. दारात तिने त्याला डबा दिला. त्याने तो घेतला, पण तिच्याकडे पाहिलं नाही.