वाल्दनेर पंचांची उंच खुर्ची

मित्रांनो, मला पाहून कुणी शिडी म्हणतं, कुणी मचाण. माझ्याकडे शिडीसारख्या पायऱ्या आहेत आणि वर एकाच माणसापुरती बैठक आहे. मी टेनिसच्या पंचांची जुनी खुर्ची आहे. पॅरिसजवळ सँ-क्लूच्या टेकडीवर, तांबड्या मातीच्या मैदानाकाठी माझा जन्म कारणी लागला.

मला घडवलं ते सेन नदीकाठी होड्या बांधणाऱ्या एका सुताराने. खुर्ची त्याने आयुष्यात कधी केली नव्हती. "होडी डुलली तर चालतं," तो बायकोला म्हणाला, "ही डुलली तर पंचसाहेब थेट जाळीत!" म्हणून त्याने माझे पाय खाली फाकवले आणि सांधे होडीच्या फळ्यांसारखे घट्ट बसवले. त्या काळी आमच्या मैदानावर मोठी स्पर्धा भरत असे. देशोदेशींचे पुरुष एकेरी सामने खेळायला येत आणि जिंकणाऱ्याला मातीच्या मैदानाचा जगज्जेता म्हणत. मला हिरवा रंग दिला, मैदानाच्या मधोमध जाळीपाशी उभं केलं. त्या दिवसांत माझं फार कौतुक होई.

माझ्यावर अनेक पंच बसले. काही जण डुलक्या काढत, काही ओळखीच्या बायकांना टोपी हलवून नमस्कार करत. मला आवडत ते इन्यास वाल्दनेर. गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं. गोळ्या मोजणाऱ्या माणसाची नजर त्यांना होती आणि आवाज बेताचाच होता. त्यांचं घराणं आल्सासमधल्या मुलूझचं. तो मुलूख जर्मनांनी जिंकला तेव्हा त्यांचे वडील भरला संसार टाकून फ्रान्समध्ये निघून आले होते. घर गेलं, पण वाल्दनेर हे नाव मात्र सोबत आलं, आणि ते कानाला जर्मनच वाटे.

आता सांगते तो सामना १९१४ च्या जूनमधला. अंतिम फेरीच्या बऱ्याच अलीकडचा, पण गर्दी अशी, की छत्रीला छत्री लागत होती. एका बाजूला आमचा गाएताँ लार्शे. देखणा, हसरा, पडला तरी टाळ्या घेणारा. दुसऱ्या बाजूला लाइपझिगचा हार्टविग. हा चष्मेवाला, चकार शब्द न काढणारा, प्रत्येक चेंडू हिशेबनिसासारखा परत पाठवणारा. वाल्दनेर माझ्यावर चढले तेव्हा पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी ओडील म्हणाल्या, "अहो, टोपी पुढे ओढा. ऊन डोळ्यांवर येतंय."

सामना लांबला. दोन सेट याचे, दोन त्याचे. पाचव्या सेटमध्ये हार्टविगला जिंकायला एकच पॉइंट हवा होता. त्याने गाएताँच्या डाव्या हाताला, अगदी कोपऱ्यात चेंडू मारला. गाएताँ धावला, पण पोचला नाही. रेषेवरच्या पांढऱ्या भुकटीचा बारीकसा लोट उठला आणि मागच्या रेषेवर बसलेले म्हातारे पंच ओरडले, "बाहेर!"

लोकांनी टोप्या उडवल्या. वाल्दनेरांनी मात्र हात वर केला.

"मस्यू, चेंडू बाहेर होता?"

"बाहेरच असेल," म्हातारे डोळे चोळत म्हणाले.

"असेल, की होता?"

म्हाताऱ्यांनी टोपी काढली. मग हळूच म्हणाले, "उन्हाने डोळे दिपले हो. खरं सांगायचं तर दिसलं नाही मला."

रेषेवरच्या पंचाला दिसलं नाही, तर निकाल मुख्य पंचाने द्यायचा असतो. वाल्दनेरांनी भुकटी उडालेली पाहिली होती, म्हणजे चेंडू रेषेला लागला होता, आणि रेषेला लागलेला चेंडू आतच धरतात; तरी मातीतली खूण पाहावी म्हणून ते माझ्या पायऱ्या उतरू लागले. तेवढ्यात गाएताँ सहज चालावं तसा त्या कोपऱ्यावरून गेला. त्याचा एक पाय मातीवरून जरा घासत गेला. सगळ्यांचं लक्ष पंचांकडे होतं. पंचांचं लक्ष गाएताँच्या पायाकडे होतं.

ते कोपऱ्यापाशी गेले, वाकले. माती सारखी झाली होती. परत येताना गाएताँ त्यांच्यासोबत माझ्यापर्यंत आला.

"मिळाली का खूण, मस्यू?" त्याने विचारलं. आवाज नेहमीचाच होता, ओठ मात्र सुकले होते.

"खूण तुझ्या बुटाला लागली आहे, पोरा," वाल्दनेर इतक्या हळू म्हणाले, की ते फक्त त्याला ऐकू गेलं, आणि मला.

इकडे लोक ओरडू लागले, "पॉइंट पुन्हा खेळवा!" तो सोपा मार्ग होता. हार्टविगसुद्धा जाळीपाशी येऊन मोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "माझी हरकत नाही. पुन्हा खेळू."

"आपण दिलदार आहात," वाल्दनेर म्हणाले. "पण मी जे पाहिलं, ते तुमच्या म्हणण्याने न पाहिलेलं होत नाही." ते वर चढले, बसले आणि म्हणाले, "चेंडू आत. सामना मस्यू हार्टविग यांचा."

मित्रांनो, पाऊस अंगावर घेतलेला आहे मी, गाराही घेतल्या आहेत. त्या दिवशी बसायच्या उशा अंगावर आल्या. "नाव बघा ना त्याचं! वाल्दनेर म्हणे!" कुणी ओरडलं. "मुलूझला जा, तिथे तुझा कैसर वाट बघतोय!" गाएताँ खाली मान घालून निघून गेला. एका शब्दात वाल्दनेरांना त्याची लबाडी सांगता आली असती. त्यांनी टोपी झटकली आणि ते उतरले.

खाली ओडीलबाई उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातात हात घातला आणि गर्दीतून चालू लागल्या. एक छानछोकी तरुण वाटेत आडवा आला. "काय मादाम, जर्मन भाषेत निकाल कसा सांगतात?"

"माझ्या सासऱ्यांनी फ्रान्ससाठी राहतं घर सोडलं तेव्हा तुझा बाप पाळण्यात होता," बाई म्हणाल्या. "त्याला जाऊन विचार. आणि वाटेतून हो बाजूला, ह्यांच्या जेवणाची वेळ झाली."

तो बाजूला झाला. पण दुसऱ्या दिवशी क्लबचे चिटणीस वाल्दनेरांना म्हणाले, "आपण थोडे दिवस विश्रांती घ्यावी." त्यानंतर ते माझ्यावर कधी बसले नाहीत.

ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं. मला अवजारांच्या खोपटात ढकललं. गावात पुढे जे झालं ते मी पाहिलेलं नाही, मैदान राखणाऱ्या बास्त्याँच्या तोंडून ऐकलेलं आहे. वाल्दनेरांच्या दुकानाच्या काचा फुटल्या. दारावर कुणी डांबराने 'जर्मन' असं लिहिलं. गिऱ्हाइकं लांबच्या दुकानात जाऊ लागली. नवरा-बायको दोघं रोज सकाळी दार घासत. डांबर काही जाईना.

क्लबच्या इमारतीत जखमींचं इस्पितळ झालं. धुतलेल्या चादरी वाळवायच्या दोरीला खांब हवा होता, म्हणून मला बाहेर काढलं. जगज्जेत्यांचे सामने पाहिलेली मी चादरी सांभाळत उभी राहिले. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण इस्पितळाला चादरी लागतातच.

वाल्दनेर तिथे फुकट औषधं घेऊन येत. एका सकाळी ओल्या चादरीआडून कुबड्यांचा आवाज आला. गाएताँ होता. गुडघ्याखाली त्याचा एक पाय नव्हता.

"ओळखलंत, मस्यू?"

"ओळखलं. जखम भरतेय ना नीट?"

"भरतेय." तो माझ्या पायरीवर बसला. कुबड्या त्याने बाजूला टेकवल्या. मग म्हणाला, "तो चेंडू आत होता."

"हो."

"तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत. लोकांनी तुमच्या काचा फोडल्या, तरी नाही. का?"

"मी तिथे चेंडूचा निकाल द्यायला बसलो होतो, पोरा. तुझा नव्हे." वाल्दनेरांनी पिशवीतून चेरींचा पुडा काढला. "खा. ओडीलने दिल्यात."

गाएताँने एकही खाल्ली नाही. तो रडला. मोठ्याने नाही, नाक ओढत, लहान मुलासारखा. वाल्दनेर त्याच्याजवळ बसून राहिले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो गणवेश चढवून, छातीवर पदक लावून गावात गेला आणि थेट वाल्दनेरांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगू लागला, "तो सामना आठवतो ना? मी खूण पुसली होती. या बुटाने नाही, दुसऱ्या. तो पायच आता राहिला नाही." बायका भाजीच्या टोपल्या घेऊन थबकत. कुणाला वाटलं, तापात बडबडतोय. पण तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला.

शेवटी वाल्दनेर बाहेर आले. "अरे, तू माझं गिऱ्हाईक अडवतोयस!"

"तुम्हाला गिऱ्हाईक आहे कुठे?" तो म्हणाला. तेव्हा आतून ओडीलबाईंचं हसू ऐकू आलं. बास्त्याँ सांगायचा, की त्या आठवड्यात अख्ख्या गावाला खोकला झाला. माणसं मान खाली घालून दुकानात शिरत आणि नको असलेल्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर पडत. दाराची फळी कुणीतरी न सांगता बदलून दिली. माफी मात्र फार थोड्यांनी मागितली.

युद्ध संपलं. मैदानावरची माती पुन्हा चाळली गेली. वाल्दनेरांचे गुडघे आता चढू देत नव्हते. क्लबने त्यांना मानाने बोलावलं, पण ते पहिल्या रांगेत ओडीलबाईंशेजारीच बसले. पंच म्हणून माझ्यावर चढला तो लाकडी पायाचा गाएताँ. चेंडूबद्दल शंका आली, की तो एक एक पायरी टेकत खाली येई, खूण पाही आणि तसाच पुन्हा वर जाई. लोक कुरकुरत, "बसल्या जागेवरून सांग की रे बाबा!" तो घाम पुसत म्हणे, "दिसलं नाही, तर सांगू काय?"

जर्मन खेळाडूंना पुढे कितीतरी वर्षं बोलावणं गेलं नाही. हार्टविग जगला, की युद्धात गेला, हे आमच्या गावात कुणालाच कळलं नाही. गाएताँ लाइपझिगकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारत असे. उत्तर कधी मिळालं नाही.

आता मैदानावर लोखंडी खुर्च्या आहेत. मी एका रोपवाटिकेत असते. माळीणबाई माझ्यावर चढून नासपतीच्या फांद्या छाटतात. त्या कामाची मला लाज नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, मित्रांनो. दर वसंतात त्या माझी बैठक पुसतात, तिला रंग देतात. बैठकीकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. कुजतात त्या पायऱ्या. तुमच्या गावात माझ्यासारखी उंच खुर्ची असेल, तर तिच्या पायऱ्या आधी तपासा, खिळे ठोका, तेल पाजा. वर बसलेल्या माणसाला खाली उतरून पाहता आलं पाहिजे.